पहिल्या आधणाची काकवी

आश्विन लागला की मला घरातले लहान आवाज मोठे ऐकू येऊ लागतात. ओट्यावरचे पातेले निवताना करते ती बारीक टिकटिक, दुपारच्या उन्हाने ताणलेल्या पत्र्याचा एखादा टणत्कार, कपाटात काचेला काच लागल्याची किणकिण. एरवी ज्यांच्याकडे लक्षही जात नाही असे हे आवाज या एका महिन्यात थेट माझ्या पाठीच्या कण्यातून जातात. हातातले काम थांबते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहते आणि कानोसा घेते. काहीच झालेले नसते. पातेले निवत असते, पत्रा पुन्हा सैल होत असतो. तरीही कामाकडे परत वळायला बराच वेळ लागतो.

यंदाही तसेच सुरू झाले आहे. आमच्या भागात पावसाळ्याचे म्हणून जे महिने सांगितले जातात, त्यांत आभाळ नुसते येऊन जाते. पश्चिमेकडचे डोंगर पाऊस ठेवून घेतात आणि आमच्याकडे वारा पाठवतात. बारामतीपासून इंदापूरपर्यंतची माणसे खऱ्या अर्थाने वाट पाहतात ती परतीच्या पावसाची. हस्त नक्षत्र लागते, सकाळी ऊन कडक पडते, दुपारी कोणी वर झाकण ठेवावे तशी हवा कोंडते, आणि पाहता पाहता आभाळ काळे होते. तासाभरात सगळे कोसळून संपते. मागे उरतो तो उकाडा, उसाच्या भिजलेल्या पाचटाची आंबूस वाफ आणि चमच्याला चिकटून बसणारे ओलसर मीठ. याच दिवसांत नवरात्र असते, याच दिवसांत मुली हादगा खेळतात, आणि याच दिवसांत मी घरी पाक करून विकते त्या गोड हिरव्या चहाला सर्वांत जास्त मागणी असते. असायची, असे म्हणायला हवे. आता आश्विनात मी एकही बाटली भरत नाही. पितळी पातेले घासून, पुसून, पालथे ठेवून देते. ग्राहक विचारतात, मी दिवाळीनंतर देते म्हणून सांगते. कारण विचारले तर हवा दमट आहे एवढेच म्हणते. ते खरेही असते.

हा व्यवसाय मी सुरू केला तेव्हा माझ्या बरोबरीच्या बायका निवृत्तीनंतर काय करायचे याच्या गप्पा मारू लागल्या होत्या. संस्कृत घेऊन मी एम.ए. झाले, पण त्या पदवीचा उपयोग सणावाराला शेजाऱ्यांना मंत्रपुष्पांजलीचा अर्थ सांगण्यापलीकडे कधी झाला नाही. नोकरीच्या मुलाखतीला गेले असता खुर्चीवर बसून आपले नाव सांगतानाही माझा आवाज विझत असे. पुढे लग्न झाले. माझे यजमान एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे आम्ही वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये काढली आणि नंतर बारामतीत लहानसे घर बांधले. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला हिरवा चहा प्यायला सांगितला, तेव्हा ते तो काढ्यासारखा डोळे मिटून गिळत. ते पाहवेना, म्हणून एके सकाळी मी त्यात गवती चहाची पात उकळली आणि चमचाभर काकवी घातली. त्यांनी दुसरा कप मागितला. माझ्या व्यवसायाचा प्रारंभ इतकाच आहे.

गवती चहा काटेवाडीहून येई. तिथे यजमानांचे धाकटे बंधू शेती करतात आणि त्यांची पत्नी नंदा बांधावर गवती चहाची बेटे राखते. ती आपल्या स्कूटीवर पुढे दुधाची किटली आणि मागे हिरव्या पातीचा भारा बांधून येई. चुलत्यांच्या, मामांच्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या बातम्या तिच्याबरोबर येत. माझा पहिला घाणा तिने बशीत ओतून चाखला, मान डोलावली, आणि मग म्हणाली, “वजन उतरवायला हिरवा च्या, आन त्यात काकवी. म्हंजी येका हातानं लंगन आन दुसऱ्या हातानं जेवान. इकंल बगा जाऊबाई. लोकास्नी असलंच पायजे असतं.”

ते विकले गेले. रीत साधी होती. गवती चहा पाण्यात खळखळून उकळायचा, आच बंद करून हिरव्या चहाची पाने थोडाच वेळ त्यात ठेवायची, कारण जास्त मुरली तर कडू होतात. मग गाळून काकवी घालायची आणि मंद आचेवर तो पाक पळीला धरील इतका आटवायचा. निवल्यावर बाटलीत. प्यायच्या वेळी पाण्यात दोन चमचे. उन्हाळ्यात लोक तो माठाच्या पाण्यात घालत आणि वर लिंबू पिळत. आषाढात सर्दीपडसे घरोघर फिरू लागले की कढत पाण्यातून घेत. थंडीत, जेव्हा गुऱ्हाळांतल्या काहिलींच्या धुराने अख्खा तालुका गोड वासाचा होतो, तेव्हा संक्रांतीच्या वाणासाठी बायका बोटभर बाटल्या मागत. प्रत्येक ऋतूत त्या पाकाचा रंग थोडा निराळा येई. उन्हाळ्यात तांबूस, थंडीत काळपट. मी खिडकीत बाटली धरून त्यातून अंगणाकडे पाही. गुलमोहर त्या रंगात बुडालेला दिसे.

पण या आनंदाच्या तळाशी भीती कायम होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. पापड, लोणची, पिठे विकणाऱ्या बायका इतक्या निर्धास्त कशा असतात याचे मला नेहमी नवल वाटे. खाण्यापिण्याचा जिन्नस विकणे म्हणजे अनोळखी माणसाच्या घशाखाली काय उतरते याचा भार आपल्या माथ्यावर घेणे. फोन वाजला की माझ्या मनात पहिला विचार येई, कोणाचे पोट बिघडले असेल. बहुतेक वेळा पलीकडून कोणीतरी आणखी बाटल्या मागत असे, आणि ते ऐकूनही मला हायसे वाटत नसे. आणखी बाटल्या म्हणजे आणखी घसे. बचत गटाच्या प्रदर्शनात मी टेबलामागे पदर आवळून, खाली बघत बसले होते. नंदा जवळ येऊन माझ्या कानात पुटपुटली, “माल इकाय बसलाय का सोताला दावाय बसलाय? मान वर करा. पोरगी पसंत हाय.” मी हसले, पण मान काही वर झाली नाही.

ज्या आश्विनाची आठवण मला सोडत नाही, त्या वर्षी वालचंदनगरहून शैलाताईंचा फोन आला. शैलाताई आमच्या क्वार्टरच्या काळातल्या शेजारी. आवाज खणखणीत, हात सढळ, कोणत्याही समारंभाची सूत्रे आपोआप त्यांच्याकडे जात. त्यांच्या नातीचा हादगा होता आणि शेवटच्या दिवसाची खिरापत त्यांच्याकडे होती. ज्यांनी हादगा खेळला आहे त्यांना ठाऊक आहे, गाणी संपल्यावर बंद डब्यात काय आणले आहे ते मुलींनी ओळखायचे असते. डबा आणणारी तो प्रत्येकीच्या कानाशी नेऊन हलवते. आतल्या आवाजावरून अंदाज बांधायचे. लाडू गडगडतात, चिवडा सळसळतो, वड्या थडथड करतात. शैलाताईंना यंदा असे काही हवे होते, जे कोणाला म्हणून ओळखता येऊ नये. प्रत्येक मुलीला एक, अशा माझ्या लहान बाटल्या त्यांनी मागितल्या. आणि एक सूचना आवर्जून केली, की बाटल्यांना कागद गुंडाळू नका, डब्यात मोकळ्याच ठेवा. आवाज यायला हवा.

मला ही कल्पना इतकी आवडली की काही दिवस मी माझी भीतीही विसरले. मुलींच्या कानाशी माझ्या बाटल्या किणकिणणार होत्या. त्याच आठवड्यात जुन्या काकवीचा डबा तळाला लागला. वडगाव निंबाळकरच्या ज्या गुऱ्हाळातून आम्ही काकवी घेतो, ते दसऱ्याच्या आधीच पेटले होते. गुऱ्हाळाचे मालक आबा स्वतः किटली घेऊन आले. नव्या हंगामातल्या पहिल्या आधणाची, म्हणजे पहिल्या काहिलीत उकळलेल्या रसाची, काकवी घरोघर थोडी थोडी वाटतात, ती देवापुढे ठेवतात, मग मुलाबाळांच्या हातावर घालतात. पहिली काहील उतरली याचा तो आनंद असतो. “पैल्या आदनाची हाय,” आबा म्हणाले. “देवाला दावा आन मंग काय ते करा.” मी वाटी देवापुढे ठेवली. उरलेली मुलींच्या खिरापतीसाठी वापरायची असे ठरवताना मला फार शुभ काहीतरी करीत असल्यासारखे वाटले.

त्या काकवीचा रंग मधासारखा होता. पाक तयार झाला तेव्हा तर मी पळी उंच धरून ती धार कितीतरी वेळ पाहत राहिले. इतका देखणा, इतका निवळशंख रंग पूर्वी कधी आला नव्हता. यजमानांना हाक मारून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले आणि सुरेख म्हणाले. आज विचार करते तेव्हा कळते, की त्या रंगातच सगळे लिहिलेले होते. आमच्या घरी तीस वर्षे जेवणाच्या पानावर उसाच्या उताऱ्याच्या, म्हणजे त्यातून साखर किती निघते याच्या, गोष्टी झाल्या आहेत. परतीचा पाऊस पिऊन तट्ट फुगलेल्या उसात साखर कमी आणि पाणीच जास्त असते, थंडी पडल्याशिवाय तो पिकत नाही, हे या तालुक्यात शाळेत न गेलेल्या पोरालाही कळते. पहिल्या आधणाची काकवी मानाची असते, टिकणारी नसते. मला हे ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. ते मला इतके ठाऊक होते, की त्या वेळी आठवलेच नाही.

मी नेहमीच्याच मापाने पळ्या घातल्या आणि नेहमीइतकाच वेळ पाक आटवला. ज्याला आपल्या हाताचा भरवसा नसतो, तो मापाला धरून राहतो. नंदासारखी असती तर तिने बोटांत थेंब दाबून पाहिला असता आणि आणखी घटकाभर आटवला असता. मी बाटल्या भरल्या, झाकणे घट्ट आवळली, पत्र्याच्या मोठ्या डब्यात त्या मोकळ्या उभ्या केल्या. शैलाताईंचा मुलगा कामासाठी बारामतीला आला होता, तो डबा घेऊन गेला. त्यानंतरचे दिवस भयंकर उकाड्याचे गेले. रोज दुपारी आभाळ भरून येई, आणि रोज रात्री अंगाला चादर नकोशी होई.

हादग्याचा शेवटचा दिवस उजाडला. नंदा गवती चहा घेऊन आली होती आणि अंगणाच्या पायरीवर बसून पात निवडत होती. यजमान वर्तमानपत्र वाचत होते. मी देवघरात होते. स्वयंपाकघरातून जो आवाज आला तो फार मोठा नव्हता. जाड पुस्तक फरशीवर आडवे पडावे, इतकाच. पण त्याच्या मागोमाग काचा सांडल्याचा आवाज आला.

त्याच पाकाची एक बाटली मी घरी नमुना म्हणून फळीवर ठेवली होती. तिचे बूड फळीवर तसेच होते, बाकीची बाटली नव्हती. भिंतीवर फेसाचा ओघळ होता आणि घरभर ताडीसारखा आंबट-गोड वास सुटला होता. मी फडके घ्यायला हात पुढे केला आणि मग मला ते दिसले. बाटलीशेजारी पोह्यांचा प्लास्टिकचा डबा होता, आणि त्या डब्याच्या अंगात काचेचा एक तुकडा उभा रुतला होता. तो तिथे नुसता अडकलेला नव्हता. सुरी खुपसावी तसा आत गेला होता. मग मी फळीची उंची पाहिली. आमची फळी माझ्या डोळ्यांच्या रेषेत आहे.

यजमानांनी भिंतीवरचा फेस बोटावर घेऊन वास घेतला. ही कोणती काकवी, असे त्यांनी विचारले, आणि मी उत्तर देण्याआधीच त्यांचा चेहरा बदलला. पातळ होती ती, आंबली, असे ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “शैलाताईंना सांग, डबा हलवू नका. जागचा उचलू सुद्धा नका. आत दाब धरला असेल. हलवला, तर…”

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मला ते पुरे दिसत होते. डबा कानाशी नेतात. पत्र्याच्या डब्याचे झाकण पातळ असते आणि ते घट्ट बसत नाही. मुली ते किलकिले करून आत डोकावतात, नाही म्हटले तरी डोकावतात.

फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेव्हा मला आठवले, हादग्याच्या दिवशी मुली व्हिडिओ काढत बसतात म्हणून सगळ्यांचे फोन एका टोपलीत घालून घरात ठेवायचे, असा नियम शैलाताईंनी केला होता. मला मोठ्या कौतुकाने सांगितला होता. त्या टोपलीत कुठेतरी मी लावलेला फोन वाजत होता आणि मुली मैदानात जमत होत्या. मी तिसऱ्यांदा फोन लावला. नंदाने माझ्या हातातले फडके काढून घेतले. “बसा गाडीत,” ती म्हणाली. “रडायचं ते वाटंनं रडा. हितलं मी बगती.”

बारामतीहून वालचंदनगरला जाणारा रस्ता माझ्या आयुष्याचा अर्धा भाग आहे. काटेवाडी, भवानीनगर, मग जंक्शन नावाच्या गावाचा फाटा. दोन्ही बाजूंनी ऊस इतका उंच आलेला असतो की रस्ता म्हणजे हिरव्या भिंतींमधली बोळ वाटते. एरवी या वाटेवर मला झोप लागते. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधकाला गाडी आदळली की मला त्या डब्यातल्या बाटल्या एकमेकींवर आदळल्यासारख्या वाटत. भवानीनगरच्या पुढे आमच्यासमोर एक ट्रॅक्टर आला. ऊसतोडीची टोळी हंगामासाठी येत होती. मागच्या ट्रॉलीत राहायच्या कोपीचे सामान, हंडे, बांधलेली शेळी, आणि त्या सगळ्यावर बसून एक बाई आपल्या मुलीचे केस विंचरत होती. ट्रॉली डुलत होती, तरी तिचा हात जराही हलत नव्हता. मुलीने डोळे मिटून चेहरा वर केला होता. ते मिटलेले डोळे मला पाहवेनात. मी मान फिरवली. यजमानांनी आयुष्यात कधी कोणावर हॉर्न वाजवलेला नाही. त्या दिवशी ते सतत वाजवत होते, आणि मग पाऊस आला.

मनाला आधार म्हणून मी काहीतरी म्हणू पाहिले. किती तरी स्तोत्रे मला पाठ आहेत, व्याकरणासह, भाष्यासह पाठ आहेत. एकाही स्तोत्राचा पहिला शब्द ओठांवर येईना. येत होता तो फक्त फोन वाजत राहिल्याचा आवाज.

भीतीविषयी लोक असे बोलतात, की जणू ती आली की माणूस पळतो किंवा थिजतो, आणि गेली की संपते. माझा अनुभव तसा नाही. माझ्यासारख्या माणसांना भीती सोबतीला असते, घरातल्या सावलीच्या जागेसारखी. आपण कोणासमोर बोलायला भितो, चूक व्हायला भितो, चूक दिसायला त्याहून अधिक भितो. पण त्या दिवशी गाडीत मला पहिल्यांदा कळले, की इतकी वर्षे मी जिला भीती म्हणत होते ती केवळ लाज होती. लोक काय म्हणतील, हसतील का, नाव जाईल का. खऱ्या भीतीत आपण कुठेच नसतो. तिथे फक्त दुसऱ्याचा चेहरा असतो, आणि तो अजून शाबूत असतो, एवढेच.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. क्वार्टरच्या मागच्या मैदानातले गवत भिजून चमकत होते. मध्ये पाटावर हत्ती काढलेला होता, त्यावर झेंडूच्या माळा होत्या, आणि मुलींचे रिंगण उभे होते. फेर थांबला होता. गाणी संपली होती. ज्या क्षणी मी गाडीचे दार उघडले, त्या क्षणी शैलाताई कमरेवर डबा घेऊन रिंगणाच्या मध्यभागी येत होत्या.

मी हाक मारली. ती हाक माझ्या तोंडातून बाहेर पडली नाही. मी धावले, चिखलात चप्पल रुतली, ती तिथेच राहिली. शैलाताईंनी डबा दोन्ही हातांत धरला, खांद्याइतका उंच केला. पहिल्या मुलीने कान पुढे केला आणि नीट ऐकू यावे म्हणून डोळे मिटले. मी रिंगण फोडून आत शिरले आणि त्यांच्या हातांतून तो डबा घेतला. हिसकावला नाही; हिसका बसता कामा नये एवढे मला कळत होते. तान्हे मूल एका कुशीतून दुसरीत घ्यावे, तसा घेतला. शैलाताई माझ्याकडे पाहून हसू लागल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, “हलवू नका. बाटल्या फुटताहेत.” त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचे हसू जागच्या जागी थांबले. हात मात्र त्यांनी लगेच सोडले.

मी डबा पोटाशी धरून वळले. मैदानाच्या टोकाला पाण्याचा एक रिकामा सिमेंटचा हौद आहे. आम्ही राहत होतो तेव्हापासून तो तसाच आहे. तिथपर्यंत जायचे होते, आणि धावायचे नव्हते.

चार पावले गेले असेन तोच मागून मुलींचा गलका ऐकू आला. त्यांना हा नवा खेळ वाटला होता. कोणीतरी आपली खिरापत पळवत होते. दोघी-तिघी रिंगण सोडून माझ्या मागे निघाल्याचे मला पावलांच्या आवाजावरून कळले. ओल्या गवतात त्यांची पैंजणे जवळ येत होती. त्या क्षणी मी काय करावे हे मला सुचले, असे म्हणणे खोटे ठरेल. माझ्या तोंडून ते आले. मी मागे न वळता ओरडले, “रिंगण सोडायचं नाही. सोडेल ती बाद. जागेवरून ओळखा.”

तो आवाज माझा होता, हे कळायला मलाच वेळ लागला. पैंजणे थांबली. हादग्याचा नियम मोडायला मुली कधीच तयार नसतात. मग पहिला अंदाज आला, लाडू. मी म्हणाले, नाही. दुसरी ओरडली, करंजी. नाही. चिवडा, चकली, पेरू. नाही, नाही, नाही. जोवर मी उत्तर देत होते तोवर रिंगण जागेवर होते. उत्तर द्यायला एक श्वास उशीर झाला असता, तरी कोणीतरी धावत आले असते. म्हणून मी चालत राहिले आणि ओरडत राहिले.

हौदाच्या अर्ध्या वाटेवर डब्याने मला आतून लाथ मारली. दुसरा शब्द मला सापडत नाही. पोटाशी धरलेल्या पत्र्यावर आतून एक ठोसा बसला, पत्रा बाहेर फुगला, आणि माझे दोन्ही हात त्याच्याभोवती आपोआप घट्ट झाले. काचा आत खळखळल्या. मागून टाळ्या पडल्या. आवाज ऐकू आला म्हणून. पातळ, कोमट काहीतरी डब्याच्या सांध्यातून पाझरून माझ्या साडीच्या निऱ्यांवर उतरू लागले. गुऱ्हाळाच्या मागे येतो तसा वास आला. कोणीतरी विचारले, “काकू, वाजणारी खिरापत आहे का?” मी म्हणाले, “हो. वाजणारी आहे.” “गोड की तिखट?” “गोड,” मी ओरडले. “गोड आहे. ओळखा अजून.”

हौदाशी पोहोचल्यावर मी गुडघ्यांवर बसले आणि डबा हात पुरतील तितका खाली उतरवून सोडला. मग कठड्यापासून मागे सरकले. यजमान तोवर गाडीतली जुनी सतरंजी घेऊन आले होते. त्यांनी ती वरून पसरली आणि माझ्या दंडाला धरून मला लांब ओढले. सतरंजीखाली आणखी एक आवाज झाला, मग थोड्या वेळाने आणखी एक. दूरवर अंदाज चालूच होते. साखरफुटाणे. नाही. बत्तासे. नाही. मी उभी राहून उत्तरे देत होते. प्रत्येक उत्तराबरोबर मी रिंगणातले चेहरे एकेक करून पाहत होते, पुन्हा पहिल्यापासून पाहत होते. सगळे होते तसे होते.

शेवटी अंदाज संपले. शैलाताई रिंगणाच्या मध्ये रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. त्यांची नात, जिचा हादगा होता, ती दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली, “हरलो, काकू. आता तुम्ही सांगा.”

हरल्यावर सांगायचे असते. डबा आणणारीने रिंगणात यायचे, मधोमध उभे राहायचे आणि आत काय होते ते सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायचे असते. मुलींच्या आया होत्या, आज्या होत्या, माझ्या जुन्या शेजारणी होत्या. माझ्याकडून वर्षानुवर्षे बाटल्या नेणाऱ्या साऱ्या जणी त्या मैदानात होत्या. यजमान हळूच म्हणाले, की नंतर फोन करून सांगता येईल, आता चल. त्यांनी ते माझ्याच काळजीने म्हटले.

मी माझ्या निऱ्यांकडे पाहिले. त्या गुडघ्यांपासून खाली चिकट झाल्या होत्या आणि त्यांचा रंग अजूनही मधासारखा होता. एका पायात चप्पल नव्हती. मी तशीच मैदान ओलांडून परत गेले. मुलींनी हात सोडून मला आत यायला वाट दिली आणि माझ्यामागे पुन्हा हात धरले. हत्तीच्या पाटाशी मी उभी राहिले, मान वर केली, आणि डब्यात काय होते ते सांगितले.